मुख्यालय म्हणजे नेमकं कुठं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कुठलंही वर्तमानपत्र उघडा, या धाटणीची तीन वाक्यं सहज सापडतील. पहिलं : ‘बँकेच्या मुंबईतील मुख्यालयात संचालक मंडळाची बैठक झाली.’ दुसरं : ‘शेतकऱ्यांचा मोर्चा जिल्हा मुख्यालयावर धडकला.’ आणि तिसरं : ‘आरोग्यसेविकेने मुख्यालयी राहावे, अशी मागणी ग्रामसभेत करण्यात आली.’

पहिल्या वाक्यातलं मुख्यालय ही एक इमारत आहे. दुसऱ्यातलं मुख्यालय म्हणजे एक अख्खं शहर. आणि तिसऱ्यातलं? ते असतं हजार-बाराशे वस्तीचं एखादं गाव. तिथं ना संचालक बसतात, ना जिल्हाधिकारी. गावकऱ्यांना प्रश्न पडतो, की आमचं एवढंसं गाव ‘मुख्यालय’ कधी झालं? आणि झालंच असेल तर बाई संध्याकाळच्या एसटीनं तालुक्याला का परततात?

शब्द एकच, पण तो तीन वेगळ्या कामांना जुंपलेला आहे. यातल्या तिसऱ्या अर्थावरून महाराष्ट्राच्या गावागावांत वाद होतात, विधानसभेत चर्चा होते, मोर्चे निघतात. पहिल्या अर्थाचा घोळ झाला तर तक्रारीचं पत्र भलत्याच पत्त्यावर जातं. म्हणून आज या शब्दाची जरा नीट ओळख करून घेऊ.

शब्दाची फोड

‘मुख्यालय’ म्हणजे मुख्य अधिक आलय. ‘मुख्य’च्या पोटात ‘मुख’ आहे. मुख म्हणजे तोंड, चेहरा. शरीरात चेहरा सगळ्यांत आधी दिसतो, म्हणून जे आधीचं, पुढचं, ते मुख्य. गंमत अशी, की ज्या ज्या भाषांतून आपल्याकडं कारभाराचे शब्द आले, त्यांनी या कामासाठी शरीराचाच एखादा अवयव निवडला आहे. इंग्रजीच्या ‘हेड ऑफिस’मध्ये डोकं आहे. राजधानीसाठी इंग्रजीत जो ‘कॅपिटल’ शब्द आहे, त्याच्या मुळाशीही लॅटिनमधलं डोकंच आहे. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडं आलेल्या ‘सदर’ या शब्दाचा मूळ अर्थ छाती. कुणी डोकं घेतलं, कुणी छाती घेतली, संस्कृतनं तोंड घेतलं. मतलब एकच, की बाकीचे हातपाय आणि हा पुढचा.

आता ‘आलय’. ‘ली’ हा संस्कृत धातू, त्याला ‘आ’ हा उपसर्ग. अर्थ टेकणं, विसावणं, चिकटून राहणं. जिथं कुणी विसावतं, वस्ती करतं, ते आलय. हिमालय हे बर्फाचं घर, देवालय हे देवाचं, ग्रंथालय हे ग्रंथांचं. म्हणजे आलय ही नुसती चार भिंतींची इमारत नव्हे. तिथं कुणाचा तरी वास हवा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

ग्रंथालय म्हणजे ग्रंथांचं आलय. त्याच चालीवर काहीजण मुख्यालय म्हणजे ‘मुख्य साहेबांचं घर’ असा अर्थ लावतात. तो बरोबर नाही. इथं ‘मुख्य’ हे विशेषण आहे. अनेक आलयांपैकी जे मुख्य ते मुख्यालय. यातून आपोआप एक गोष्ट निघते. दुय्यम जागा असल्याशिवाय मुख्य जागा असूच शकत नाही. ‘आमची कुठेही शाखा नाही’ अशी पाटी अभिमानानं लावणाऱ्या पुणेरी दुकानाला, व्याकरणानं पाहिलं तर, मुख्यालयही नाही!

‘आलय’चा एक नातेवाईक आपल्या रोजच्या ऐकण्यातला आहे. मुंबईतल्या ‘सचिवालया’चं १९७५ साली ‘मंत्रालय’ झालं. हिंदीत मंत्रालय म्हणजे एखादं खातं, जसं रेल मंत्रालय, गृह मंत्रालय. महाराष्ट्रात मात्र ‘मंत्रालयात जाऊन आलो’ म्हटलं, की मुंबईतली ती एकच इमारत डोळ्यांपुढं उभी राहते. त्यामुळं दिल्लीची बातमी मराठीत ऐकताना नवखा माणूस कधीकधी गोंधळतो.

आधी काय म्हणत?

मुख्यालय हा शब्द नवा असला तरी ती कल्पना नवी नाही. आपल्या जुन्या कारभारात तिच्यासाठी एक सोडून चार शब्द होते. ते मेलेलेही नाहीत. गावांच्या आणि पेठांच्या नावांत सुखानं नांदत आहेत.

पहिला ‘सदर’. गडावर किंवा वाड्यात जिथं बसून कारभार चाले, ती सदर. कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यातल्या वरिष्ठ अपील न्यायालयाला ‘सदर दिवाणी अदालत’ म्हणत. १८६२ साली उच्च न्यायालय आलं आणि ती अदालत संपली. पण सातारा, सोलापूर, जालना या शहरांतले ‘सदर बाजार’ राहिले. नागपुरात तर नुसतं ‘सदर’ म्हटलं तरी वस्ती कळते. कोर्टाच्या कागदात ‘सदर इसम’, ‘सदर मिळकत’ असं येतं, तिथं मात्र त्याचा अर्थ ‘वर सांगितलेला’ एवढाच उरला आहे.

दुसरा ‘कसबा’. परगण्यातलं मुख्य गाव ते कसबा, बाकीची मौजे. कागदात गावाच्या नावाआधी ‘मौजे’ लिहिलंय की ‘कसबे’, यावरूनच त्याचा दर्जा कळे. पुण्याची कसबा पेठ, कोल्हापूरकडचं कसबा बावडा, रत्नागिरीतलं कसबा संगमेश्वर ही सगळी नावं त्याच घराण्यातली. आज त्यांतल्या काही ठिकाणी साधी तालुक्याची कचेरीही नाही, पण नावात जुना मान टिकून आहे.

तिसरा ‘हुजूर’. हुजूर म्हणजे समक्षता, प्रत्यक्ष धन्याची उपस्थिती. धनी असेल तिथली कचेरी ती हुजूर कचेरी. पुण्यातल्या मुलींच्या शाळेचं ‘हुजूरपागा’ हे नाव पेशव्यांच्या खाशा पागेच्या जागेवरून पडलं. भोपाळ जिल्ह्यात आजही हुजूर नावाची तहसील आहे.

आणि चौथा शब्द सगळ्यांत मजेदार. पुणे जिल्ह्यात ‘हवेली’ नावाचा तालुका आहे. बाहेरगावचा माणूस विचारतो, की हवेली हे गाव कुठं आलं? तर त्या नावाचं मुख्य गाव नाहीच. मुसलमानी अमदानीत मुख्य ठाण्याच्या भोवतालच्या, त्या ठाण्याला जोडून दिलेल्या मुलखाला ‘हवेली’ म्हणत. म्हणजे तालुक्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘मुख्यालयाच्या आसपासचा प्रदेश’ असा आहे. त्याची तहसील कचेरी पुणे शहरात आहे, हे त्या नावाला धरूनच झालं.

‘कचेरी’, ‘दप्तर’, ‘ठाणं’ हे शब्दही याच व्यवहारातले. व्यापाऱ्यांत ‘पेढी’ आणि संप्रदायांत ‘गादी’ असे. मूळ गादी कुठली आणि तिच्या शाखा कुठल्या, हे शिष्यांना पाठ असायचं. मुख्यालय म्हणजे दुसरं काय?

फौजेतून आलेला शब्द

इंग्रजी ‘हेडक्वार्टर्स’ हा शब्द फौजेचा. ‘क्वार्टर’ म्हणजे उतरण्याची, राहण्याची जागा. सेनापतीचा मुक्काम जिथं, ते हेडक्वार्टर्स. आपल्याकडं पोलिसांची, रेल्वेची ‘क्वार्टर्स’ म्हणतात, त्यात तो मूळ अर्थ शाबूत आहे. म्हणजे इंग्रजी शब्दातही राहणं आहे आणि संस्कृत ‘आलया’तही राहणं आहे. काम करण्याची जागा हा अर्थ दोन्हीकडं मागाहून आला.

फौजेचं मुख्यालय मुळात चाकांवर असायचं. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेत उतरला आणि १७०७ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मरेपर्यंत उत्तरेत परतला नाही. एवढ्या वर्षांत साम्राज्याचं मुख्यालय दिल्लीला होतं, की भीमेकाठच्या तंबूंत? १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं त्याची मोठी छावणी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला होती. फर्मानं तिथून सुटत, वकील तिथं येत. राजधानी हे गाव असतं आणि मुख्यालय हा मुक्काम असतो, हा फरक यातून चांगला कळतो. दोन्ही बहुधा एकाच जागी असतात, पण असायलाच हवेत असं नाही.

आजच्या फौजेत मुख्यालयं स्थिर आहेत. सेनादलाच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात आहे, नौदलाच्या पश्चिम विभागाचं मुंबईत आणि हवाई दलाच्या देखभाल कमांडचं नागपुरात. पोलिसांत मात्र या शब्दाला एक वेगळीच छटा आली आहे. राज्याचं पोलीस मुख्यालय म्हणजे महासंचालकांची कचेरी. पण जिल्ह्याचं ‘पोलीस मुख्यालय’ म्हटलं, की कवायतीचं मैदान, शस्त्रागार, राखीव पोलिसांच्या लाइनी असा सारा पसारा येतो. एखाद्या हवालदाराला ठाण्यातून काढून ‘मुख्यालयाला जोडलं’ अशी बातमी येते, तेव्हा त्याला बढती मिळाली असं कुणी समजू नये. त्याच्याकडून ठाण्याचं काम काढून घेतलेलं असतं.

मुख्य, प्रधान, केंद्रीय, नोंदणीकृत

आता बँका आणि कंपन्यांकडं वळू. इथं नावांची गर्दी आहे. कुठं ‘मुख्य कार्यालय’, कुठं ‘प्रधान कार्यालय’, कुठं ‘केंद्रीय कार्यालय’, कुठं ‘कॉर्पोरेट कार्यालय’ आणि शेवटी बारीक अक्षरात ‘नोंदणीकृत कार्यालय’. ग्राहकाला वाटतं, ही सगळी एकाच जागेची नावं. पुष्कळदा असतातही. पण नेहमी नाही.

रिझर्व्ह बँक १९३५ साली सुरू झाली तेव्हा तिचं केंद्रीय कार्यालय कलकत्त्याला होतं. १९३७ साली ते कायमचं मुंबईला आलं. बँक ऑफ बडोदाचं मुख्य कार्यालय, नावाप्रमाणं, बडोद्याला आहे. पण रोजच्या मोठ्या निर्णयांचं कॉर्पोरेट केंद्र मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. टाटा स्टीलचं नाव काढलं की जमशेदपूर आठवतं. कारखाना तिथलाच, पण नोंदणीकृत कार्यालय मुंबईच्या बॉम्बे हाउसमध्ये.

यातला कायद्याच्या दृष्टीनं पक्का शब्द ‘नोंदणीकृत कार्यालय’ हा आहे. बाकीची नावं कंपनीच्या सोयीची. कंपनीनं हवं त्या जागेला मुख्यालय म्हणावं, कुणाची हरकत नाही. पण नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता कंपनी निबंधकाकडं नोंदवलेला असतो आणि कंपनीच्या नावची नोटीस घेण्याची जबाबदारी त्या पत्त्यावर असते. २०१३ च्या कंपनी कायद्याचं बारावं कलम सांगतं, की कंपनीनं आपली पत्रं, बिलं यांवर हा पत्ता छापलाच पाहिजे. त्याच कलमात आपल्या कामाची आणखी एक तरतूद आहे. जिथं जिथं कंपनीचा धंदा चालतो, तिथं दाराबाहेर कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लावायचा. आणि त्या पाटीची लिपी त्या भागातली नसेल, तर त्या भागातल्या भाषेच्या अक्षरांतही तो लावायचा. म्हणजे मराठी मुलखातल्या शाखेबाहेर हा मजकूर मराठी अक्षरांत असणं ही केवळ भाषाभिमानाची बाब नाही. ग्राहकाला कंपनीचं घर कुठं आहे ते वाचता यावं, यासाठी ती तरतूद आहे.

हे घर माहीत असणं पूर्वी फारच महत्त्वाचं होतं. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार कुठं करायची, हे बहुतांशी समोरच्या पक्षाच्या पत्त्यावर किंवा व्यवहार जिथं घडला त्या जागेवर ठरे. कंपनीची शाखा असेल तिथं तक्रार करता येईल असं कायद्यात होतं. पण शाखा म्हणजे कुठलीही शाखा का? अंबाल्यातल्या एका गोदामाला आग लागली. विमाही तिथलाच होता. पण विमा कंपनीची शाखा चंदीगडला आहे म्हणून तक्रार चंदीगडला केली गेली. सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली निकाल दिला, की असं चालणार नाही. ज्या शाखेशी वादाचा संबंध आहे तीच शाखा धरायची. नाहीतर उद्या अंबाल्याचा तक्रारदार तमिळनाडूत किंवा ईशान्येत जाऊन खटला भरेल.

ही सगळी ओढाताण नव्या कायद्यानं बरीच संपवली. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता ग्राहक स्वतः जिथं राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडं तक्रार करू शकतो. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो नाहीतर बंगळूरला, लातूरच्या माणसाला लातुरातच दाद मागता येते. मात्र नोटीस पाठवताना पाकिटावर पत्ता लिहायचा तो नोंदणीकृत कार्यालयाचाच लिहावा, आणि ज्या शाखेत व्यवहार झाला तिलाही एक प्रत द्यावी. ‘हेड ऑफिस, मुंबई’ एवढंच लिहिलेली कितीतरी पाकिटं परत येतात.

सरकारी कामातही हीच चूक होते. राज्याचं मुख्यालय मुंबई, म्हणून लोक प्रत्येक अर्ज मंत्रालयात देतात. पण राज्याच्या अनेक खात्यांचे प्रमुख मुंबईत बसतच नाहीत. साखर आयुक्त, कृषी आयुक्त, जमाबंदी आयुक्त, शिक्षण आयुक्त यांच्या कचेऱ्या पुण्यात आहेत. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहे. मंत्रालयात धोरण ठरतं आणि आयुक्तालयातून ते राबवलं जातं. आपलं काम धोरणाचं आहे की अंमलबजावणीचं, हे ठरवून गाडी पकडावी.

जिल्ह्याचं ठिकाण

‘जिल्हा मुख्यालय’ हा झाला छापील शब्द. बोलताना मराठी माणूस ‘जिल्ह्याचं ठिकाण’, ‘तालुक्याचं ठिकाण’ असंच म्हणतो. हा शब्द मला फार नेमका वाटतो. ठिकाण म्हणजे जिथं गेलं असता काम होतं, माणूस भेटतो. लग्नाच्या मुलीसाठी ‘ठिकाण’ बघतात, हरवलेल्या माणसाचा ‘ठावठिकाणा’ शोधतात, त्याच कुळीतला हा शब्द.

जिल्ह्याचं नाव आणि ठिकाण एकच असेल असं नाही. रायगड किल्ला महाड तालुक्यात, पण रायगड जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि कुलाबा किल्ला अलिबागच्याच समुद्रात आहे. म्हणजे आधी नाव आणि ठिकाण एकत्र होतं, नाव बदललं तेव्हा ते दूर गेलं. त्याच वर्षी झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किल्ला मालवणच्या समुद्रात, आणि कचेऱ्या ओरोसला. तालुक्यांत तर अशी उदाहरणं पुष्कळ. मावळ तालुक्याचं ठिकाण वडगाव, मुळशीचं पौड, माणचं दहिवडी, खटावचं वडूज, भुदरगडचं गारगोटी. आंबेगाव तालुक्याचं ठिकाण घोडेगाव. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, तालुक्याचं नाव तेवढं वर राहिलं. शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ही जोडी पाठ करावी लागते, त्याचं कारण हे.

पण हा केवळ पाठांतराचा विषय नाही. ठिकाण कुठं, यावर माणसाचा दिवस आणि भाडं ठरतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, त्याआधी मोखाड्याच्या, तलासरीच्या आदिवासी माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्याला जावं लागे. नव्या जिल्ह्याचं मुख्यालय जव्हारला असावं, अशी डोंगरी भागातल्या लोकांची मागणी होती. ते रेल्वेवरच्या पालघरला झालं. गडचिरोली जिल्हा १९८२ चा. पण सिरोंच्याचा माणूस अजूनही जिल्ह्याच्या ठिकाणी यायला दोनशेहून अधिक किलोमीटर कापतो. मुख्यालयासाठी गावागावांत आंदोलनं का होतात, ते या अंतरावरून कळतं. मुख्यालय आलं की कचेऱ्या येतात, न्यायालय येतं, मोठं रुग्णालय येतं. त्यामागून वकील, झेरॉक्सवाले, खाणावळी येतात. आणि ज्या गावाचं मुख्यालय हुकतं, तिथला एसटी स्टँड आहे तसाच राहतो.

मुख्यालयी राहणे

आता त्या तिसऱ्या वाक्याकडं येऊ. ‘मुख्यालयी राहावे.’ यातलं ‘मुख्यालयी’ हे रूप ‘घरी’, ‘दारी’ यांच्यासारखं जुन्या सप्तमीचं. सरकारी मराठीनं ते जपून ठेवलं आहे.

सरकारी नोकरीच्या भाषेत मुख्यालय हा शब्द संस्थेला लागत नाही, माणसाला लागतो. प्रत्येक कर्मचाऱ्याला एक मुख्यालय असतं. त्याची नेमणूक जिथं, ते त्याचं मुख्यालय. जिल्हाधिकाऱ्याचं मुख्यालय जिल्ह्याचं शहर, तसंच प्राथमिक शिक्षकाचं मुख्यालय त्याच्या शाळेचं गाव आणि आरोग्यसेविकेचं मुख्यालय तिच्या उपकेंद्राचं गाव. तलाठ्याकडं चार गावं असली, तरी त्यातलं एक त्याचं मुख्यालय म्हणून ठरलेलं असतं.

या कल्पनेवर नोकरीचे किती नियम उभे आहेत पाहा. सुट्टीत बाहेर जायचं तर ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी’ लागते. दौऱ्याचा भत्ता मुख्यालयापासून मोजतात. केंद्र सरकारच्या नियमांत मुख्यालयापासून ८ किलोमीटरच्या पलीकडं गेल्याशिवाय दैनिक भत्ता मिळत नाही. एखाद्याला निलंबित केलं, तर आदेशात हमखास एक ओळ येते, की निलंबन काळात त्याचं मुख्यालय अमुक राहील आणि परवानगीशिवाय ते सोडता येणार नाही. काम काढून घेतलं तरी मुख्यालय सुटत नाही! रेल्वेच्या गाडीचालकांचीही अशी मुख्यालयं असतात, भुसावळ किंवा मनमाडसारखी. आठ तास किंवा अधिक गाडी चालवून आल्यावर मुख्यालयी १६ तासांची विश्रांती मिळते, बाहेरगावी ८ तासांची. कारण मुख्यालय म्हणजे घर, हे तिथं गृहीत धरलेलं आहे.

गावचा वाद इथंच सुरू होतो. नियम म्हणतो मुख्यालयी राहा, आणि कर्मचारी राहतात तालुक्याला. गावकऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. मैदानी भागात साधारण पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकांमागं एक आरोग्य उपकेंद्र असावं, असा निकष आहे. रात्री दोन वाजता बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, तर त्या तीन हजार माणसांना जवळचं दार तेच. त्या दाराला कुलूप असेल तर दिवसा ते कितीही वेळ उघडं राहिलं, त्याचा उपयोग काय? पूर्वीचे ग्रामसेवक आणि आताचे ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक यांच्याबद्दलही लोक असंच बोलतात. गावात राहणाऱ्या मास्तरांना कुठलं मूल का येत नाही, हे संध्याकाळी पारावरच कळायचं, असं म्हातारी माणसं सांगतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी. पुष्कळ गावांत भाड्यानं मिळण्याजोगं घर नसतं. सरकारी निवासस्थानं बांधली, त्यांतली कितीतरी गळतात, काहींना पाणी नाही, काही गावापासून लांब माळावर आहेत. एकट्या राहणाऱ्या परिचारिकेच्या सुरक्षिततेची हमी कुणी देत नाही. नवरा एका तालुक्यात, बायको दुसऱ्या, मुलांची शाळा तिसरीकडं, ही घराघरातली स्थिती आहे. आणि रस्ते सुधारले, मोटरसायकली आल्या, मग वेळेवर आल्याशी मतलब ठेवा, असं कर्मचारी म्हणतात.

२०१९ साली ग्रामविकास विभागानं असं ठरवलं, की जिल्हा परिषदेचा कर्मचारी मुख्यालयी राहतो याबद्दल ग्रामसभेचा ठराव असावा. त्यातून काही गावांत खरी चौकशी झाली, तर काही ठिकाणी ठराव नुसते कागदोपत्री झाले. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात शिक्षकांच्या घरभाडे भत्त्यावरून विधानसभेत हा प्रश्न गाजला आणि त्यावर शिक्षकांनी मोर्चेही काढले. दोन्हीकडच्या भाषणांत शब्द एकच होता, मुख्यालय. पण एक बाजू ‘आलय’ म्हणत होती आणि दुसरी ‘कार्यालय’ म्हणत होती. गावाला तिथं राहणारा माणूस हवा होता. कर्मचाऱ्याला तिथं येऊन काम करायचं होतं.

मला वाटतं, वाद सोडवायचा तर आधी ही दोन कामं वेगळी करावी लागतील. ज्या पदाचं काम रात्रीही येऊ शकतं, त्या पदाला राहण्याची अट खरी हवी. मग राहण्याजोगं घर, पाणी, वीज, दाराला मजबूत कडी हे देणंही त्याच अटीचा भाग मानलं पाहिजे. ज्या पदाचं काम ठरल्या वेळेचं आहे, तिथं वेळ काटेकोर पाळली जाते का, हे बघावं. सगळ्यांना एकच शब्द लावून, सगळ्यांकडून एकच दाखला मागून, शेवटी खोटे दाखले तेवढे वाढतात. शिक्षकाचं काम यात कुठं बसतं, हा अवघड प्रश्न आहे. त्यावर मात्र गावानं आणि शिक्षकानं समोरासमोर बसूनच बोलावं.

शेवटी वापराबद्दल दोन शब्द. ‘मुख्यालय कार्यालय’ किंवा ‘मुख्यालयाचं ऑफिस’ म्हणण्याची गरज नसते. सोसायटी, पतसंस्था, दुकान यांच्यासाठी ‘मुख्य कार्यालय’ किंवा ‘मुख्य कचेरी’ हा साधा शब्द पुरे. फौज, पोलीस, जिल्हा, मोठ्या संघटना यांना ‘मुख्यालय’ शोभतं. कंपनीला पत्र लिहिताना ‘नोंदणीकृत कार्यालय’ शोधावं. आणि बोलताना ‘जिल्ह्याचं ठिकाण’ म्हणायला अजिबात लाजू नये.

आपण पाकिटावर पत्ता लिहितो, ‘मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. अमुक.’ नीट पाहिलं तर ही मुख्यालयांचीच शिडी आहे. वरून खाली वाचत आलं, तर जिल्ह्याचं ठिकाण, तालुक्याचं ठिकाण, टपाल कचेरीचं गाव, आणि सगळ्यांत आधी लिहिलेला तो ‘मु.’, म्हणजे मुक्काम. माणूस प्रत्यक्ष राहतो ती जागा. पत्र लिहिताना आपण तिला पहिला मान देतो. कारभारानंही तो दिला, तर पुष्कळ वाद उरणार नाहीत.